इंदोऱ्यातली पश्चिमेची खिडकी

आपला माणूस नागपूरला जातो तो बहुधा अशोक विजयादशमीला नाहीतर 14 ऑक्टोबरला, दीक्षाभूमीवर. आम्ही या खेपेस गेलो ते एप्रिलअखेरीस, भर उन्हात. मामांनी बोलावले होते आणि निमित्त होते एका खिडकीचे.

मेट्रोच्या इंदोरा चौक स्टेशनावर उतरलो तेव्हा दहाही वाजले नव्हते, पण कामठी रोड तापला होता. गल्लीत जयंतीच्या निळ्या पताका अजून लोंबत होत्या आणि घरोघरी खिडकीला कूलरची पेटी टांगलेली.

मामांचे घर त्यांच्या वडिलांनी बांधलेले. ते एम्प्रेस मिलचे कामगार. 1956 च्या दीक्षेला त्या जनसागरात तेही उभे होते. पश्चिमेची सागवानी खिडकी त्यांनी जुन्या बाजारातून आणून स्वतः बसवली. आता चौकटीचा पाया वाळवीने खाल्लेला, एक काच फुटून तिथे पत्रा ठोकलेला. दुपारी ऊन थेट आत. मामी म्हणाल्या, "रातच्या बारा वाजेपर्यंत खोली तापून राहते जी. पोरगा म्हणते, हप्त्यानं एसी घेतो." मामांचे दुखणे वेगळे: "बुढ्याच्या हातची आहे ते. काढाची कशी?"

आम्ही हिशेब मांडला. दोनशे वॅटचा कूलर दहा तास चालला की 2 युनिट जळतात. दीड हजार वॅटचा एसी सतत चालला तर 15. शिवाय फटींतून थंडावा बाहेर जाणार तो वेगळाच! गेल्या साली यांनी सगळ्या फटी कागदाने बुजवून कूलर लावला, तर अंग नुसते चिकचिकले. कूलर बाहेरची हवा ओली करून आत ढकलतो. तिला दुसरीकडून बाहेर पडायला वाट हवीच.

खिडकीचा विचार धम्माला नवा नाही. चुल्लवग्गात आहे, की विहारांना खिडक्या नव्हत्या तेव्हा ते डोळ्यांना त्रासाचे आणि कुबट होत. म्हणून भगवंतांनी कठड्याची, जाळीची आणि पट्ट्यांची अशा तीन तऱ्हांच्या खिडक्यांना अनुमती दिली. पुढे खारी, वटवाघळे आत येऊ लागली तशी पडद्याला आणि झडपेलाही. हे सांगताच मामा हसले, "म्हणजे भगवंतालेबी खिडकीचा विचार करा लागला!" तेव्हा कुठे छिन्नी निघाली.

पल्ल्यांचे लाकूड ठणठणीत होते. तेच नव्या चौकटीला लावायचे, फक्त काचांच्या जागी बाहेरच्या बाजूस उतरत्या लाकडी पट्ट्या, असे ठरले. आधी वर लिंटेल आहे याची खात्री केली. ते नसेल तर वरची भिंत अंगावर येते, अशा ठिकाणी गवंड्याखेरीज हात लावू नये. मग गज कापले, चौकट मधोमध करवतून तुकड्यातुकड्याने आत ओढली. भिंतीतले होल्डफास्ट निघता निघेनात, त्यातच अर्धा दिवस गेला. नव्या चौकटीच्या भिंतीकडच्या बाजूला वाळवीचे औषध आणि प्रायमर लावून, ओळंबा धरून, पाचरी ठोकून ती उभी केली आणि एकास चार सिमेंट-वाळूने भरली. सिमेंट दोन दिवस ओले ठेवले. घाई केली असती तर पल्ल्यांच्या वजनाने सगळे हलले असते.

तरी चूक झालीच. कर्ण मोजायचे राहिले, चौकट सुतभर तिरकी बसली आणि डावा पल्ला अडला. आम्ही रंधा घेतला तर मामांनी तो हातातून काढून घेतला.

बाहेर छज्जाला बांबूचा तट्टा टांगला, भिंतीपासून हातभर दूर. ऊन बाहेरच अडवले पाहिजे. आतला पडदा तापतो आणि खोलीच तापवतो. कूलर पश्चिमेकडून काढून पूर्वेच्या सावलीतल्या खिडकीला नेला, म्हणजे आत ढकललेली हवा पश्चिमेच्या पट्ट्यांतून बाहेर पडते. रात्री कूलर बंद करून दोन्ही खिडक्या सताड उघड्या ठेवायच्या.

दुपारी बाहेर रस्त्यावर कुत्रेही नव्हते. खोली काही सिमल्यासारखी झाली नाही, गरम होतीच, पण बसवत होते. पोराने एसीच्या हप्त्याचा कागद घडी करून कपाटावर ठेवला. फाडला नाही, मे महिना अजून बाकी आहे. मामा पश्चिमेच्या भिंतीला खाट लावून निजले होते. डावा पल्ला अजून थोडा घासतो. तो तसाच राहू द्या म्हणाले.