दोर नको म्हणणारी मंडळी

प्रिय काका,



पत्र मिळालं. नातवाने हार्नेस आणि दोर माळ्यावर टाकून दिलाय, पाठीवर जाडजूड गादी बांधून तो धोंडे शोधत हिंडतो, दहा-बारा फुटांवरून दिवसभर पडत राहतो आणि रात्री जेवताना ‘आज नाही जमलं’ असं अगदी खुशीत सांगतो, याचा तुम्हाला अचंबा वाटतोय. सुळक्यांवर बोल्ट ठोकण्यात ज्यांचे दिवस गेले त्यांना तो वाटणारच. ही पोरं उंचीला घाबरतात का, असं तुम्ही विचारलंत. काही घाबरतातही. पण बोल्डरिंग, म्हणजे दोराविना ठेंगण्या धोंड्यांवरची चढाई, निवडणाऱ्या बहुतेकांचं कारण दुसरंच असतं, आणि ते नीट सांगायचं तर सुरुवात पॅरिसच्या दक्षिणेला, साठेक किलोमीटरवरच्या एका जंगलापासून करावी लागेल.

जंगलाचं नाव फाँतेनब्लो. पायाखाली पांढरी रेती, वर पाइन आणि ओक, आणि त्यांच्यामध्ये विखुरलेले वालुकाश्माचे हजारो धोंडे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आल्प्सवर जाणारी पॅरिसची मंडळी सुट्टीच्या दिवशी इथे हात साफ करायला यायची. हेतू सराव, एवढाच. त्यांच्यातल्याच प्येअर आलँ या गड्याने गुळगुळीत रबरी तळव्याचे बूट तयार केले. पुढे ते त्याच्या आद्याक्षरांवरून ‘पीए’ म्हणून जगभर गेले आणि आजच्या प्रत्येक क्लाइंबिंग शूचे पूर्वज ठरले. याच आलँने १९३५ मध्ये रेमों लेनँजेबरोबर आल्प्समधल्या प्ती द्र्यूची उत्तर भिंत पहिल्यांदा सर केली. म्हणजे इथवर सगळं तुमच्या मनासारखं : धोंड्यावर शिकायचं, कड्यावर वापरायचं.

मग हळूहळू गंमत झाली. रविवारच्या मंडळींपैकी काहींना आल्प्सची वाट पाहावीशी वाटेना. १९४६ मध्ये रने फेर्लेने ‘मारी-रोझ’ हा प्रॉब्लेम, म्हणजे धोंड्यावरची एक ठरावीक वाट, सोडवला. तिथल्या अवघडपणाच्या श्रेणीत ‘६ए’ गणला गेलेला हा पहिलाच. गेल्या पाऊणशे वर्षांत त्याच्यावर इतके हातपाय घासले गेलेत की दगडाला काचेसारखी चकाकी आलीय आणि श्रेणी तीच असली तरी तो पूर्वीपेक्षा अवघड झालाय. १९४७ मध्ये त्याच भागात पहिलं ‘सर्किट’ रंगवलं गेलं. धोंड्यांवर एका रंगाचे बाण आणि क्रमांक. एक उतरला की दुसरा, दुसरा झाला की तिसरा. पिवळा रंग सोपा, पुढे नारिंगी, निळा, लाल आणि शेवटी काळा-पांढरा. आजही त्या जंगलात लहान मुलं पिवळ्या बाणांमागे पळत असतात आणि साठी उलटलेली माणसं निळ्या सर्किटवर सबंध सकाळ घालवतात. यातल्या पुष्कळांनी आल्प्सला कधी हातही लावलेला नसतो.

सरावाला सरावापासून तोडून त्याचा स्वतंत्र खेळ करणारा माणूस मात्र अमेरिकेतला. जॉन गिल, जन्म १९३७, पेशाने गणिताचा प्राध्यापक, अंगाने जिम्नॅस्ट. जिम्नॅस्ट हाताला लावतात ती चॉकची पूड १९५० च्या दशकात त्याने कातळावर आणली. १९६१ मध्ये साउथ डकोटातल्या नीडल्स भागात ‘थिंबल’ नावाचा तीसेक फुटांचा सुळका तो दोराविना चढला. तेव्हा खाली गादी नव्हती, गाडीतळाचा कठडा होता. १९६९ मध्ये ‘अमेरिकन अल्पाइन जर्नल’मध्ये त्याने बोल्डरिंगवर लेख लिहिला. धोंड्यावर चढणं हीच एक कला आहे, जिम्नॅस्टिक्सशी तिचं जवळचं नातं आहे आणि हालचाल कशी केली यालाही मोल आहे, ही त्याची भूमिका. काका, मल्लखांबाच्या टोकाशी काय ठेवलंय, असं आपल्याकडे कुणी विचारत नाही. गिल धोंड्याकडे तसा पाहत होता.

त्याची श्रेणीपद्धतही न्यारी. बी-१, बी-२, बी-३ अशा तीनच पायऱ्या, आणि बी-३ म्हणजे एकदाच चढला गेलेला प्रॉब्लेम. दुसऱ्या कुणी तो केला की त्याची गच्छंती खालच्या पायरीवर. आपण केलेल्या गोष्टीची किंमत दुसऱ्याच्या यशाने उतरणार, हे आधीच मान्य करून बसायचं. आज अमेरिकेत वापरात आहे ती व्ही श्रेणी, टेक्सासच्या ह्युको टँक्समध्ये जॉन शेर्मनने रुजवलेली. तिला वरचं टोक नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. दोराच्या चढाईत दिवस जातो कुठे, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? पहाटे पायथ्याला पोहोचायचं, दोर उलगडायचा, सामान वाटून घ्यायचं. लीड करणारा चढत असताना बिले देणारा, म्हणजे खालून दोर सांभाळणारा, मान वर करून उभा. एका वेळी एकच जण चढणार. वाटेतला बराच कातळ सोपा, अवघड जागा दोन किंवा तीन. त्यातल्या एखाद्या जागी हात सुटला की दोरावर लोंबकळायचं, पुन्हा कातळाला लागायचं, आणि तोवर हाताच्या पोटऱ्या भरून दगड झालेल्या. ज्याला त्या दोन-तीन जागांचंच वेड आहे, त्याला उरलेला दिवस खर्ची पडल्यासारखा वाटतो. बोल्डरिंगवाला नेमकी ती अवघड जागा उचलतो आणि बाकी सगळं वगळतो. बूट, चॉक, गादी, संपला संसार.

एकदा जवळून पाहा. धोंड्यासमोर चार-पाच पोरं बसलेली असतात. एक जण उठतो, टूथब्रशसारख्या ब्रशने होल्डवरचा जुना चॉक झाडतो, कारण पुडीचा थर साचला की पकड निसटते. बुटाचा तळवा पँटला पुसतो. डावा हात नखाएवढ्या धारेवर, उजवा बोथट उतारावर, टाच कमरेच्या उंचीला अडकवलेली. बूड जमिनीवरून उचललं जातं, एक मूव्ह होते आणि तो गादीवर आपटतो. लगेच उठून तो पुन्हा लागत नाही. तीन-चार मिनिटं स्वस्थ बसतो, बोटांकडे बघतो. यात आळस नसतो. काही सेकंदांच्या पूर्ण जोराच्या श्रमाला लागणारी स्नायूंतली शक्ती भरून यायला तेवढा वेळ लागतोच. दोरावर दमसास लागतो. हाताच्या घट्ट आवळलेल्या पोटऱ्यांत रक्त खेळेनासं होतं आणि माणूस हळूहळू संपत जातो. धोंड्यावर सगळं एका झटक्यात मागितलं जातं. शरीरांची घडणच वेगळी असते, आणि ज्याला जे झेपतं त्यातच त्याचा जीव रमतो. कुणी कुठे वळतो याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

उरलेलं निम्मं संगतीत सापडतं. पहिला पडला की दुसरा सांगतो, ‘टाच अजून आत घे.’ तिसऱ्याची उंची कमी, त्याला तो उपाय लागू पडत नाही, तो स्वतःचा वेगळाच क्रम शोधतो. अशा तोडग्याला ही मंडळी ‘बीटा’ म्हणतात आणि तो देण्याघेण्यावरून हसतखेळत भांडतात. स्पर्धेतही हेच दिसतं. लीडमध्ये, म्हणजे दोराच्या चढाईत, एकच संधी. हात सुटला की खेळ खलास. बोल्डरिंगच्या अंतिम फेरीत ठरावीक मिनिटांत कितीही वेळा पडा, पुन्हा लागा. सुरुवातीच्या पाहणीत तर प्रतिस्पर्धी भिंतीखाली एकत्र उभे राहून हवेत हात नाचवत एकमेकांशी चर्चा करतात. हा देखावा आपल्याकडेही झालाय. बोल्डरिंगच्या विश्वचषक मालिकेतला एक टप्पा २०१६ मध्ये नवी मुंबईत भरला होता, आणि त्यामागे १९५४ पासून डोंगरात रुळलेली मुंबईची गिरिविहार संस्था होती. म्हणजे दोरवाल्यांनीच धोंडेवाल्यांना मांडव घालून दिला म्हणायचं.

अपयशाशी यांचं नातं पाहायचं तर अमेरिकेतल्या योसेमिटी दरीत, कॅम्प ४ मधला ‘मिडनाइट लाइटनिंग’ बघा. मुक्कामाच्या तंबूंमध्येच उभा असलेला कोलंबिया बोल्डर, त्यावर चॉकने काढलेली विजेची खूण. जॉन याब्लॉन्स्कीला तिथे वाट दिसली, रॉन कॉक आणि जॉन बाकर तिच्या मागे लागले आणि १९७८ मध्ये कॉकने ती पुरी केली. वरच्या काठावर छाती टेकवून उठायची जागा सगळ्यात वाईट. तिथून पडलं तर उंचीही बरीच, आणि तेव्हा क्रॅशपॅड, म्हणजे या पाठीवरच्या गाद्या, नव्हते. ते बाजारात आले १९९० च्या दशकात. त्याच दरीत एल कॅपिटन या कड्याचा ‘नोझ’ हा जवळजवळ तीन हजार फुटांचा मार्ग १९९३ मध्ये पहिल्यांदा फ्री, म्हणजे दोर फक्त पडण्यापुरता ठेवून, चढली ती लिन हिल. मिडनाइट लाइटनिंग चढणारी पहिली स्त्रीही तीच, पण ते साधलं १९९८ मध्ये. आधी तीन हजार फूट, मग तो धोंडा.

उलट दिशेने गेलेला माणूस केव्हिन जॉर्गसन. मूळचा बोल्डरिंगवाला, एल कॅपिटनसारख्या भिंतीचा अनुभव नसताना टॉमी कॉल्डवेलच्या जोडीला गेला. १४ जानेवारी २०१५ ला दोघे १९ दिवसांनी एल कॅपिटनवरच्याच डॉन वॉलच्या माथ्यावर पोहोचले. मधल्या पंधराव्या टप्प्यावर, ब्लेडसारख्या धारांच्या आडव्या चालीत, जॉर्गसन अडकला. कॉल्डवेलचा तो टप्पा झाला होता. जॉर्गसन दिवसामागून दिवस पडत राहिला, बोटांची कातडी भरून यावी म्हणून थांबला, गार हवेसाठी अंधारात चढला आणि शेवटी तेवढाच तुकडा जिंकून पुढे सरकला. भिंत मोठी होती, पण त्याची वागण्याची तऱ्हा धोंड्यावरची होती.

सगळ्यात टोकाचं उदाहरण फिनलंडमधलं. लाप्नोर इथल्या एका छोट्या, पुढे झुकलेल्या दगडावरच्या मोजक्या मूव्हमागे नाले हुक्काताइव्हल काही वर्षं लागला होता. २०१६ मध्ये ते जमलं. नाव ठेवलं ‘बर्डन ऑफ ड्रीम्स’, आणि फाँतेनब्लोच्या श्रेणीतली जगातली पहिली ‘९ए’ म्हणून त्याची नोंद झाली. दुसऱ्यांदा ते साधायला २०२३ उजाडलं. विल बोसी या स्कॉटिश मुलाने त्या होल्डच्या हुबेहूब प्रतिकृतीवर आधी सराव केला होता. एका दगडाची नक्कल करून ती घोटायची, हा वेडेपणा नक्कीच आहे. पण तुम्ही मंडळी एकाच सुळक्याच्या पायथ्याशी दर हिवाळ्यात परत जात होताच की.

काकू म्हणतात तसं हे ‘सुरक्षित’ मात्र समजू नका. दोर असला की बहुतेक पडणं हवेत थांबतं. इथे प्रत्येक पडणं जमिनीवर संपतं. घोटे मुरगळतात, दोन गाद्यांच्या फटीत पाय गेला तर मोडतोही. बोटांत कंडरा हाडाशी धरून ठेवणारे पट्टे बारीक धारांवर ताणले जातात आणि कधी कधी तुटतात. खाली हात पसरून उभा राहणारा स्पॉटर पडणाऱ्याला झेलत नाही. तो कमरेपाशी ढकलून त्याला गादीकडे वळवतो, डोकं आणि पाठ वाचवतो. आणि हे लोक काही गोष्टींना मुकतात, तेही खरं. बोल्डरिंगवाल्याला कड्याच्या मधोमध काढलेली रात्र ठाऊक नसते, आणि आपला जीव दुसऱ्याच्या मुठीतल्या दोरावर सोपवणं म्हणजे काय, हेही.

आपल्या सह्याद्रीने तुम्हाला दोराकडेच ढकललं, त्यालाही कारण आहे. बेसॉल्टचे थरावर थर, मधे गवताळ घसारा, सुटे दगड आणि सरळ तुटलेले कडे. तिथे दोर न लावणं म्हणजे मूर्खपणाच. कर्नाटकात तुंगभद्रेकाठी हंपीला नेमकी उलटी परिस्थिती : डोंगरच्या डोंगर गोल ग्रॅनाइट धोंड्यांचे. २००३ मध्ये ख्रिस शर्माच्या ‘पिलग्रिमेज’ या फिल्ममुळे ते जगभरच्या बोल्डरिंगवाल्यांच्या यादीत गेलं. हा शर्मा लांबलचक दोराच्या चढाईतही अव्वल. २००१ मध्ये फ्रान्समधल्या सेयूझला ‘रियलायझेशन’ हा दोराचा मार्ग केला तो त्यानेच. तेव्हा एक धरलं की दुसरं सुटतंच, असंही काही नाही.

नातवाला डिसेंबरात हंपीला जायचंय, तर जाऊ द्या. फक्त एवढं त्याच्या कानावर घाला. विरुपापूर गड्डीवरची जुनी रिसॉर्टं २०२० मध्ये पाडली गेली, तेव्हा मुक्काम सानापूरच्या बाजूला शोधावा. देवळं आणि जुन्या अवशेषांच्या जवळच्या दगडांना हात लावू नये. चढाई सकाळी लवकर आणि उन्हं कलल्यावर. दुपारच्या तापल्या ग्रॅनाइटवर बोटांना घाम सुटतो आणि कातडी सोलून निघते. एकट्याने जाऊ नये आणि दोन गाद्या न्याव्यात. दुसरी गादी वाहायला माणूस लागेलच. तुमचे गुडघे साथ देत असतील तर तुम्हीच जा. स्पॉटिंगला तुमच्याइतकी सावध नजर त्याला कुठे मिळणार?

काकूंना नमस्कार.

तुमची पुतणी