पाच रुपयांचा विमा आणि रोजची गोळी

कर्नाटकाने २००३ साली सहकारी संस्थांच्या शेतकरी सभासदांसाठी यशस्विनी योजना सुरू केली. हप्ता दरमहा अवघा पाच रुपये! मूळ कल्पना बंगळूरचे हृदयशल्यचिकित्सक डॉ. देवी शेट्टी यांची. २०१८ मध्ये ती आरोग्य कर्नाटक योजनेत विलीन झाली, आणि मागणी एवढी की पुढे पुन्हा सुरू करावी लागली. सहकाराचे एवढे जाळे असलेल्या आपल्या महाराष्ट्राला हे आधी का सुचू नये, असे इथे राहून मला अनेकदा वाटते.

मात्र एक गोष्ट खटकते. विम्याचा सारा भर शस्त्रक्रियेवर. ज्याचा रक्तदाब वर्षानुवर्षे कुणी मोजला नाही, त्याच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेला पैसे आहेत, रोजच्या गोळीला नाहीत. शस्त्रक्रियांचा आकडा अहवालात शोभतो. न झालेला पक्षाघात कोणत्या रकान्यात लिहिणार? २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने दोन-तृतीयांश किंवा अधिक निधी प्राथमिक सेवेस द्यावा असे सांगितले आहे. माझे म्हणणे त्याहून साधे आहे: कोणत्या आरोग्य केंद्रात रक्तदाबाची गोळी किती दिवस संपलेली होती, हा प्रश्न जिल्ह्याच्या मासिक आढावा बैठकीत पहिला विचारला जावा.