मोहोर आणि मजकूर

भालकीहून बीदरकडे निघाले की काळी जमीन मागे पडते आणि जांभ्या दगडाची तांबडी माती सुरू होते. त्या पठारावर महमूद गवानाचा मदरसा उभा आहे. १४७२ साली बांधलेल्या या विद्यालयाचे पूर्वी दोन मिनार होते. आज एकच उरला आहे. त्याच्या अंगावर निळ्या फरश्यांचे तुकडे अजून चमकतात.

गेल्या दिवाळीत गावी आलेल्या एका जुन्या विद्यार्थ्यासह तेथे जाण्याचा योग आला. पुण्याजवळच्या लहानशा कारखान्यात तो काम करतो. मोडलेले हाड जोडण्याच्या प्लेटा आणि स्क्रू तेथे तयार होतात, आणि तो माल आता युरोपात पाठवायचा आहे.

अंगणात बसल्यावर तो म्हणाला, "गुरुजी, तिकडचा २०१७/७४५ क्रमांकाचा नियम २६ मे २०२१ पासून लागू झाला. मी तो वाचला, पण उमगला तो इतर कारखानदारांना विचारूनच. तपासणारी संस्था काय विचारते, युरोपातला प्रतिनिधी कसा नेमावा, हे ती वाट तुडवलेलाच सांगतो. शरीरात बसविलेल्या वस्तूचे कार्ड रुग्णास मिळावे, असे अठरावे कलम म्हणते. आम्ही कार्डे छापणारच होतो. एका स्नेह्याने सांगितले, पुढचे उपकलम वाच. प्लेटा, स्क्रू, तारा यांना सूट आहे. खर्च वाचला!"

मला माझा धाकटा भाऊ आठवला. त्याच्या मांडीतली प्लेट काढायची वेळ आली तेव्हा नव्या डॉक्टरांनी प्रथम विचारले, "कोणत्या कंपनीची?" स्क्रूच्या डोक्याची खाच सर्वत्र सारखी नसते, तिला बसणारा पेचकस नसेल तर स्क्रू निघता निघत नाही. जुन्या फाइलीत काहीच नोंद नव्हती. निरनिराळी हत्यारे गोळा होईपर्यंत तो आठ दिवस खाटेवर पडून होता.

हे ऐकून विद्यार्थी गप्प झाला. मी त्याला गवानाची कथा सांगितली. गीलानहून आलेला हा व्यापारी बहमनी राज्याचा वजीर झाला. देशोदेशीच्या थोरांशी त्याचा पत्रव्यवहार असे. शत्रूंनी कोऱ्या कागदावर त्याची मोहोर उमटवून घेतली, त्यावर फितुरीचे पत्र लिहिले, आणि १४८१ साली सुलतानाने त्याचा वध करविला. मोहोर खरी, मजकूर खोटा!

"आमच्या धंद्यातही तेच घडले," तो म्हणाला. "एका फ्रेंच कंपनीच्या स्तनरोपणांवर युरोपची 'सीई' ही मोहोर होती; आत मात्र कारखानी वापराचे सिलिकोन! २०१० साली ते उघडकीस आले. नियम कडक होण्यामागे तेही एक कारण होते."

मी म्हटले, "समव्यवसायींनी तुला काय गाळता येते ते सांगितले. काय गाळू नये हे ज्याला ठाऊक असते, तो तुमच्या बैठकीत नसतो. तो खाटेवर असतो. सूट म्हणजे मनाई तर नव्हे?"

"नव्हे," तो हळूच म्हणाला. "कंपनीचे नाव आणि लॉट क्रमांक असलेल्या दोन जादा चिठ्ठ्या पाकिटात घालता येतील. एक फाइलीला, एक रुग्णाच्या हाती." त्याने वही काढून टिपून घेतले. मालक मान्य करील की नाही, कोण जाणे.

वाचकहो, आपल्या घरात कोणाच्या शरीरात असे काही बसविले असेल, तर ती चिठ्ठी मागून घ्या आणि शिधापत्रिकेइतकी जपून ठेवा.