बी पेरू की रोप आणू?

पहिल्यांदाच भाजी लावताय? खरेदीला निघण्याआधी खोताच्या वाडीत एक चक्कर मारा.

माझा प्लॅन एकदम सोपा होता. शनिवारी नर्सरीत जायचं, टोमॅटोची सहा रोपं उचलायची, टॅक्सीच्या मागच्या सीटवर ठेवून घरी आणायची आणि रविवार संध्याकाळपर्यंत 'शेतकरी' होऊन मोकळं व्हायचं. दिवस होते ऑक्टोबरचे. ठाकुरद्वारच्या माझ्या भाड्याच्या खोलीला चार फुटांची गॅलरी आहे आणि तिथे दुपारी रणरणतं ऊन येतं. बुधवारपर्यंत सहापैकी चार रोपांनी माना टाकल्या.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. आठ भाज्यांच्या बियांची पाकिटं आणली आणि एकाच दिवशी सगळी पेरली. दहा दिवसांनी वर आली होती फक्त मेथी. बाकी कुंड्यांत नुसती माती. चूक नेमकी कुठे झाली, ते मला कळलं घरापासून पाच मिनिटांवर, खोताच्या वाडीत.

नावातच शेत आहे

चर्नी रोड स्टेशनला उतरून गिरगावात शिरलात की पाट्या वाचत चाला. कांदेवाडी, केळेवाडी, फणसवाडी, आंबेवाडी, मुगभाट, बोरभाट. आपण रोज बोलतो ती ही नावं म्हणजे भाजीबाजाराची यादीच की! आज तिथे चाळी, ज्वेलर्स आणि टॉवर आहेत, पण 'वाडी' म्हणजे मुळात बागायत, हे नावांनी अजून धरून ठेवलंय.

खोताची वाडी त्यातलीच. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांनी इथली जमीन तुकड्या-तुकड्यांनी ईस्ट इंडियन कुटुंबांना दिली आणि घरं उभी राहिली. लाकडी, कौलारू, बाहेरून जिना असलेली, रस्त्याकडे तोंड करून बसलेल्या व्हरांड्यांची घरं. अशी 65 घरं होती म्हणतात. आता तिशीच्या आत आलीत. बाकीच्यांच्या जागी इमारती उठल्या.

गल्ली इतकी चिंचोळी की समोरून स्कूटर आली की भिंतीला चिकटायचं. पण कुंड्या बघा! जिन्याच्या पायरीवर, कठड्यावर, तेलाच्या डब्यात, फुटक्या बादलीत. मी त्या दिवशी अशाच एका व्हरांड्यासमोर थबकले. कठड्यावरून वालाचा वेल चढला होता आणि खाली प्लॅस्टिकच्या टबात लाल माठ तरारला होता.

"काय बघते गो बाय?" आतून आवाज आला.

व्हरांड्यातल्या खुर्चीत एक आँटी लसूण सोलत बसल्या होत्या. सत्तरी पार केलेली. मी माझी करुण कहाणी सांगितली. त्या मनसोक्त हसल्या.

"रोपं सावलीतून आणली आणि उन्हात ठेवली ना? मग मरतील नाय तर काय! तू गावाला जाऊन पयल्या दिवशी भर दुपारी शेतात उभी रायशील?"

पाय हलवलेला कोणाला चालतो?

आँटींचा नियम दोन ओळींचा आहे. ज्या भाजीला पाय हलवलेला चालत नाही, तिचं बी थेट कुंडीत. जी लहानपणी नाजूक आणि मोठी व्हायला वेळखाऊ, तिचं रोप आणायचं. हा नियम मी नंतर वाचून आणि करून, दोन्ही प्रकारे तपासला. पक्का आहे.

बी पेरायच्या भाज्या कोणत्या? मुळा आणि गाजर, कारण त्यांचं मूळ हेच आपलं जेवण. ते उपटून दुसरीकडे लावलं की वाकडं होतं, दुभंगतं. मेथी, पालक, माठ, कोथिंबीर या पालेभाज्या, कारण त्या दाट लागतात आणि महिन्याभरात कापायला येतात. त्यांची रोपं विकत आणणं म्हणजे निव्वळ पैसे उडवणं. आणि वाल, चवळी, भेंडी, काकडी, दुधी. यांचं बी मोठं, अंकुर दणकट आणि मुळं दुखावली की रुसणारी.

रोपं आणायची ती टोमॅटो, वांगं, मिरची, कोबी आणि फ्लॉवरची. टोमॅटोचं बी उगवायला आठवडाभर आणि रोप हलवण्याजोगं व्हायला साधारण महिना लागतो. मिरचीला त्याहून जास्त. या काळात पाणी जरा जास्त झालं तरी कोवळं खोड जमिनीलगत कुजून कोलमडतं. शिवाय टोमॅटोचं बी इतकं बारीक, की एका ग्रॅममध्ये 300 च्या आसपास बिया बसतात. तुमच्या गॅलरीत मावणार चार झाडं! मग नर्सरीवाल्याने केलेली महिन्याभराची मेहनत विकत घेण्यात कमीपणा कसला?

फक्त रोप निवडताना जरा नखरे करा. उंच, लुकडं रोप नको. बुटकं, जाड खोडाचं घ्या. फुलं आलेलं तर अजिबात नको. पान उलटून बघा. खाली पांढरे ठिपके किंवा कापसासारखं काही दिसलं तर तिथेच ठेवा. घरी आणल्यावर पहिले दोन-तीन दिवस सावलीत, मग रोज थोडं थोडं ऊन. आठवड्याने संध्याकाळच्या वेळी कुंडीत लावा. माझ्या चार टोमॅटोंना हा आठवडा मिळाला असता तर ते वाचले असते.

आणि माझ्या बियांचं काय चुकलं? दोन गोष्टी. सगळ्या बिया मी बोटभर खोल गाडल्या होत्या. बी स्वतः जेवढं जाड, त्याच्या दोन-तीन पट खोल पुरतं. माठाचं बी तर मातीवर भुरभुरवून वरून चिमूटभर माती पसरायची. आणि धणे मी अख्खे टाकले होते. ते लाटण्याने हलके रगडून दोन फाकी करायचे, कारण आत दोन बिया असतात. त्यानंतरही कोथिंबीर उगवायला आठ ते पंधरा दिवस घेते. मी दहाव्या दिवशी कुंडी उपसून मोकळी झाले होते!

खरा प्रश्न उन्हाचा

"मग आँटी, तुम्ही टोमॅटो का नाही लावत?"

त्यांनी लसणीच्या पाकळीने समोर बोट दाखवलं. गल्लीच्या पलीकडे इमारत. "ती आली आणि ऊन गेलं. आता सकाळचं मिळतं, अडीच-तीन तास. तेवढ्यात भाजी होते, फळ नाय होत."

बी की रोप हे ठरवण्याआधी विचारायचा प्रश्न हाच, आणि तो मी कधी विचारलाच नव्हता. टोमॅटो, मिरची, वांग्याला रोज पाच-सहा तास थेट ऊन हवं. तीन-चार तास असेल तर पालेभाज्या. त्याहून कमी असेल तर पुदिना लावा आणि खूश राहा. एक सुट्टीचा दिवस काढून, दर तासाला गॅलरीत डोकावून ऊन मोजा. त्याला एक पैसा लागत नाही.

मी निघताना आँटी आत गेल्या आणि कॉफीच्या जुन्या बाटलीतून मूठभर वाल घेऊन आल्या. दरवर्षी वेलावरच्या पहिल्या चांगल्या शेंगा त्या तोडत नाहीत. वेलावरच वाळू देतात आणि पुढच्या वर्षासाठी ठेवतात. त्यांच्या आईचीही हीच पद्धत होती, म्हणाल्या.

असं बी घरी राखता येतं, कारण ते देशी वाण आहे. पाकिटातल्या संकरित बियांचं तसं नाही. त्यांच्या फळातलं बी पेरलं तर पुढचं झाड तसंच येईल याची खात्री नसते. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी अशी देशी वाणं जपून बीज बँक उभी केली, त्यांना 2020 मध्ये पद्मश्री मिळाली. हे मी पेपरात वाचलं होतं. गिरगावात कॉफीच्या बाटलीत अशीच एक बँक असेल, असं वाटलं नव्हतं.

"घराचं काय होणार, ते मुलं बघतील," आँटी म्हणाल्या. "वेल काय उचलून नेता येत नाय. बी नेता येतं."

माझं ॲग्रीमेंट अकरा महिन्यांचं आहे. म्हणूनच मला सगळं तयार हवं होतं. आज आणा, उद्या खा. त्या मुठीने माझं गणित बदललं. गॅलरीत आता दोन टोमॅटो आहेत, नर्सरीतून आणलेले, आठवडाभर सावलीत ठेवून मग उन्हात गेलेले. शेजारी मेथी आहे. आणि कठड्याच्या गजावर वाल चढतोय. पहिल्या चांगल्या शेंगांना मी लाल दोरा बांधणार आहे. त्या तोडायच्या नाहीत. पुढच्या घराला गॅलरी असो वा नसो, बाटली सोबत येणार.

वाडीत जायचंय?

• चर्नी रोड स्टेशनवरून दहा-बारा मिनिटं चालत. मेट्रो 3 चं 2025 मध्ये सुरू झालेलं गिरगाव स्टेशनही सोयीचं.
• सकाळी लवकर जा. ऊन कुठे, किती पडतं तेही दिसेल.
• ही माणसांची राहती घरं आहेत. फोटोआधी विचारा, जिन्यावर चढून बसू नका.
• पहिल्या महिन्यासाठी एवढंच: मेथीचं बी, धणे आणि भरपूर ऊन असेल तरच टोमॅटोची दोन रोपं. मेथी तर स्वयंपाकघरातल्या डब्यातच आहे!