गालांतीन

२०१२ च्या नाताळात अभ्यासानिमित्त मी फ्रान्समधील लिओं शहरी होतो. ज्या घरी उतरलो होतो, तेथील वृद्ध मादामनी जेवणाच्या प्रारंभी एक थंडगार पदार्थ पुढे ठेवला. कोंबडीच्या मांसाच्या गोल चकत्या, त्यांत हिरवे पिस्ते आणि भोवती मधाच्या रंगाची पारदर्शक जेली. नाव गालांतीन. आपल्याकडे थिजलेला रस्सा म्हणजे शिळे अन्न! एक घास मी कसाबसा गिळला व उरलेले बशीच्या कडेला सारले. मादाम काही बोलल्या नाहीत. बशी मात्र त्यांनी स्वतः उचलली.

पुढल्या नाताळाला त्यांची बोटे संधिवाताने आखडली होती, म्हणून मी मदतीस उभा राहिलो. तेव्हा कळले, की ते अन्न शिळे नव्हते. दोन दिवसांच्या कष्टांचे होते. कोंबडीला पाठीवरून चीर द्यावयाची आणि कातडी न फाडता सारा सांगाडा सोडवून घ्यावयाचा. माझ्या हातून कातडी दोनदा फाटली. मादामनी ती निमूटपणे शिवून दिली. मग आत खिमा व पिस्ते भरून, गुंडाळी करून ती कापडात घट्ट बांधावयाची. हाडे व पाय फेकावयाचे नाहीत. गाजर-कांद्यासह ते मंदाग्नीवर तीन-चार तास शिजवावयाचे. त्याच रश्शात, पाणी खळखळू न देता, गुंडाळी सुमारे दीड तास शिजते व तेथेच निवते. हाडांतून व कातडीतून उतरलेले जिलेटीन थंडीत गोठते. गाळून, निवळून घेतलेल्या रश्शाची जेली होते ती त्यामुळेच. आपले पायाचे सूप रात्रीतून थिजते, त्याचेही कारण हेच.

मायदेशी परतल्यावर बेळगावात एका मे महिन्यात आईसाठी मी हा घाट घातला. जेली शरीराच्या उष्णतेहूनही कमी उष्णतेला वितळते, हे भर दुपारी ध्यानात आले! पाने मांडून होईतो ती सारी पाण्यासारखी वाहून गेली. मी ओशाळून उभा होतो.

“रस्सा चांगला झालाय, बाळा,” आई म्हणाली आणि भाकरी बुडवून तिने तो शेवटच्या थेंबापर्यंत संपविला.

बिघडलेले अन्न आईने आवडीने खाल्ले. मी मात्र उत्तम साधलेले बाजूला सारले होते. त्याच रात्री मी मादामना पत्र लिहिले व त्या पहिल्या नाताळाबद्दल क्षमा मागितली.