अथेनाच्या झाडाचा हिशेब

अथेन्स, ९ नोव्हेंबर

अक्रोपोलिसवर एरेक्थिऑन देवळाच्या पश्चिम भिंतीलगत ऑलिव्हचं एक झाड आहे. "हेच ते अथेनाचं झाड," असं एक गाईड आपल्या घोळक्याला ठणकावून सांगत होता. झाड विसाव्या शतकात लावलेलं. कथा मात्र जुनी. हे शहर कोणाचं, यावरून समुद्रदेव पोसायडन आणि देवी अथेना यांची जुंपली. त्यानं त्रिशूळ हाणून खडकातून पाणी काढलं, तेही खारट. तिनं झाड लावलं. निकाल तिच्या बाजूनं लागला. पार्थेनॉनच्या पश्चिमेकडच्या दर्शनी त्रिकोणात ही चुरस कोरलेली होती. त्यातलं जे वाचलं, त्यातलं बरंचसं आता लंडनला आहे.

इसवी सनपूर्व ४८० मध्ये इराणी फौजेनं इथली देवळं जाळली, त्यात हे झाडही गेलं. दुसऱ्या दिवशी पूजेला वर गेलेल्या माणसांना जळक्या बुंध्यातून हातभर कोंब फुटलेला दिसला, असं इतिहासकार हिरोडोटस लिहितो. एका रात्रीत हातभर म्हणजे जरा जास्तच झालं. पण होरपळलेल्या ऑलिव्हला बुडातून फुटवा येतो, यात शेतकऱ्याला काही नवल वाटणार नाही. चमत्काराच्या बहुतेक कथांपेक्षा या कथेचे पाय जमिनीवर आहेत.

१० नोव्हेंबर

दिवसभर पाऊस. पाव, तेल, ओरेगॅनो आणि कांदा यांवर भागवलं. दुकानदारानं परत दिलेल्या सुट्ट्या पैशांत ग्रीसचं एक युरोचं नाणं आलं. त्यावर घुबड आणि त्याच्या पाठीशी ऑलिव्हची डहाळी. जुन्या अथेन्सच्या चांदीच्या नाण्याचीच ही नक्कल. त्या मूळ नाण्याच्या दुसऱ्या बाजूला अथेनाचं मस्तक असे आणि तिच्या शिरस्त्राणावरही ऑलिव्हची पानं. देवी, पक्षी आणि झाड. राजाचा मुखवटा कुठंच नाही.

१२ नोव्हेंबर

राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय. मी मुद्दाम अथेनाच्या पानअथेनाइया उत्सवातल्या स्पर्धांचे बक्षिसाचे कुंभ पाहायला गेले होते. पोट भलंमोठं, बूड निमुळतं. एका अंगाला ढाल-भाला घेऊन पुढे झेपावणारी अथेना, दुसऱ्या अंगाला ज्या खेळाचं बक्षीस तो खेळ: धावपटू, मल्ल, रथ. बाजूला उभी ओळ असते, की हे अथेन्सच्या स्पर्धांमधलं बक्षीस आहे. चित्रकलेची फॅशन पुढे बदलली, काळ्या पार्श्वभूमीवर तांबड्या आकृत्या आल्या. पण हे कुंभ पुढेही काळ्या आकृत्यांचेच राहिले. सरकारी शिक्का असा सहजासहजी बदलत नाही!

कुंभाच्या आत तेल. दर कुंभात सुमारे ३६ ते ३९ लिटर. इसवी सनपूर्व चौथ्या शतकातल्या एका शिलालेखात बक्षिसांची यादी आहे. त्यात दोन घोड्यांच्या रथाच्या शर्यतीत पहिल्या आलेल्याला १४० कुंभ. म्हणजे पाच हजार लिटरहून जास्त तेल! घरात कोण संपवणार? ते विकायचंच. अथेन्सच्या जुन्या कायदेकर्त्या सोलोननं शेतमालापैकी फक्त ऑलिव्हचं तेल परदेशी विकायला मोकळीक दिली होती, असं प्लुटार्क सांगतो. ऑलिंपियात याच्या अगदी उलट. तिथे विजेत्याला जंगली ऑलिव्हच्या डहाळ्यांचं वेढं, बस्स. त्या डहाळ्या आईबाप हयात असलेल्या मुलानं सोन्याच्या विळ्यानं कापायच्या. आपल्याला ऑलिंपियाची साधी पानं भावतात, भाषणांत तीच येतात. मला अथेन्सचा रोकडा प्रामाणिकपणा अधिक पटतो.

१३ नोव्हेंबर

रात्री जुन्या अथेन्सच्या लिसियासचं वकिली भाषण वाचलं. खटला एका बुंध्यावरून. अथेन्सच्या परिसरात काही ऑलिव्ह देवीचे मानले जात. ते खासगी शेतात असले तरी मालकी शहराची, आणि त्यांचंच तेल बक्षिसाच्या कुंभांत जाई. असं झाड तोडणाऱ्याला पूर्वी देहदंड होता, असं ॲरिस्टॉटलच्या नावावरच्या अथेन्सच्या राज्यव्यवस्थेवरील ग्रंथात आहे. लिसियासच्या अशिलावर शेतातला कुंपण घातलेला बुंधा काढून टाकल्याचा आरोप होता, आणि डोक्यावर हद्दपारी व जप्तीची टांगती तलवार. त्याचा बचाव मोठा मासलेवाईक आहे. चहूबाजूंनी शेजारी, दिवसाढवळ्या मी हे कसं करीन? माझ्या गुलामांनी ते पाहिलं असतं, तर जन्मभर तेच माझे मालक झाले असते!

झोप येईपर्यंत एकच विचार. आज आपण ऑलिव्हची फांदी म्हणजे शांतता एवढंच धरून बसलो आहोत; संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्यावरही तीच. जुन्या ग्रीसमध्ये लोकर गुंडाळलेली फांदी हातात घेऊन येणारा माणूस आसरा मागत असे, आणि त्याला झिडकारणं हा झ्यूस देवाविरुद्धचा अपराध होता. म्हणजे फांदी हा हक्क होता. एस्किलसच्या 'शरणार्थिनी' नाटकातल्या बायका अशाच फांद्या घेऊन येतात आणि साऱ्या राज्याला पेचात टाकतात.

क्रीट, १७ नोव्हेंबर

हेराक्लिऑनहून पश्चिमेला निघाले. हे कवी ओदिसेआस एलितिस याचं जन्मगाव; १९७९ चं नोबेल त्याला मिळालं. त्याच्या घराण्याचा धंदा ऑलिव्हच्या तेलाचा आणि साबणाचा. कवितेतल्या झाडाला असा कारखानाही असू शकतो.

कोलिम्बारीजवळ, मी उतरले त्या घराच्या मालकीणबाईंच्या भाच्याच्या शेतात तोडणी चालू आहे. झाडाखाली जाळ्या अंथरल्या होत्या. लांब दांड्यांच्या टोकाला फिरणारे विजेचे दाते; ते फांदीला लावले की फळं टपटपा पडतात. वरच्या शेंड्याला मात्र एक म्हातारा अजून काठीनंच झोडपत होता. ब्रिटिश म्युझियममध्ये अँटिमिनीस चित्रकाराचा सुमारे इसवी सनपूर्व ५२० चा कुंभ आहे. त्यावर एक पोरगा झाडावर बसलाय, दोन दाढीवाले खालून काठ्यांनी फांद्या झोडताहेत आणि एक मुलगा वाकून टोपलीत फळं गोळा करतोय. म्हाताऱ्याचा पवित्रा तोच, पाठ मागे टाकलेली, हनुवटी वर. फक्त टोपलीच्या जागी पोतं. आंब्यासारखंच हे झाडही एकाआड एक वर्ष भरभरून देतं. यंदा खाड्याचं वर्ष, असं भाचा कुरकुरत होता.

१८ नोव्हेंबर

गावच्या घाण्यावर. आता दगड नाहीत, सगळी स्टीलची यंत्रं. पंख्यानं पाला उडवायचा, फळं धुवायची, दळायची, लगदा संथपणे मळायचा. शेवटी गरगर फिरणाऱ्या यंत्रात तेल आणि पाणी वेगळं होतं. लगदा २७ अंशांच्या वर तापू द्यायचा नाही. चार-पाच किलो फळांचं जेमतेम लिटरभर तेल. नळीतून ते हिरवंगार येतं, घशाला झणका देतं. लोक आपापल्या पोत्यांवर डोळा ठेवून बसलेले. दुसऱ्याचं तेल आपल्यात मिसळू नये म्हणून. घरमालकीणबाईंच्या घरी संतांच्या चित्रापुढच्या दिव्यातही हेच तेल. बाप्तिस्म्याला मुलाच्या अंगाला चोळायचं, तेही हेच.

२० नोव्हेंबर

आनो वुवेस गावचं ऑलिव्हचं प्रसिद्ध जुनं झाड. खोड पिळवटलेलं, आतून पोकळ, माणूस उभा राहील एवढं. वय दोन हजारांच्या पुढे सांगतात, पण नेमकं कुणालाच सांगता येणार नाही. वलयं मोजायला मधलं लाकूड उरलेलंच नाही. फळ मात्र अजून धरतं. होमरच्या ओडिसियसनं मुळावर उभ्या ऑलिव्हचा पलंग केला होता आणि तो हलवता येत नाही यावरूनच पेनेलोपीनं नवऱ्याची खात्री करून घेतली, हे इथे उभं राहिल्यावर सहज पटतं.

ग्रीसला जाणाऱ्यांना एकच सांगणं आहे. जुलै-ऑगस्टात ऑलिव्ह फक्त बाटलीत आणि नाण्यावर भेटतो. नोव्हेंबरात जा, घाणे चालू असताना.