चार रकान्यांचे व्याकरण

‘भाषिणी’ हा राष्ट्रीय उपक्रम २०२२ साली सुरू झाला. यंत्रानुवादाच्या बातम्यांत ‘विदा’ हा शब्द आता सतत भेटतो: विदा विपुल असेल, तरच यंत्राला भाषा येणार. या गृहीतकाविषयी मला सावध केले ते एका साध्या मजकूर-फाइलीने.

ती फाइल म्हणजे फायनाइट-स्टेट ट्रान्सड्यूसर: मोजक्या अवस्थांतून पुढे सरकत एका चिन्हमालेचे दुसरीत रूपांतर करणारे यंत्र. ‘फूल’ या शब्दाचे ‘फुलात’ करणारे यंत्र असे लिहिता येते:

० १ फ फ
१ २ ू ु
२ ३ ल ल
३ ४ रिक्त ा
४ ५ सप्तमी त
५

रकाने अनुक्रमे असे: आरंभीची अवस्था, पुढची अवस्था, वाचायचे चिन्ह, लिहायचे चिन्ह. ‘रिक्त’ म्हणजे काहीही न वाचता पुढे जाणे. युनिकोडमध्ये ‘फू’ ही दोन चिन्हे असल्यामुळे, सामान्यरूपात उपान्त्य दीर्घ उकार ऱ्हस्व होतो हा शालेय नियम दुसऱ्या ओळीत मावतो.

पायथनमध्ये ही फाइल वाचणे फारसे अवघड नाही. प्रत्येक ओळ टॅबवर तोडावी. साध्या मोकळ्या जागेवर नव्हे, कारण तीही एक चिन्ह असू शकते. मग रकाने मोजावेत. चार असतील तर ते संक्रमण, एकच असेल तर ती अंतिम अवस्था. दोन्हींत भाराचा एक रकाना अधिक असू शकतो. शेवटचे दोन चिन्ह-रकाने अदलाबदल केले, की तेच यंत्र ‘फुलात’ वाचून ‘फूल, सप्तमी’ असे पृथक्करण देते. किम्मो कोस्केन्निएमी यांनी १९८३ साली फिनिश भाषेसाठी मांडलेली द्विस्तरीय रूपमीमांसाही अशीच दुहेरी चालते.

हे मला महत्त्वाचे वाटते ते गोंडीसारख्या भाषांमुळे. २०११च्या जनगणनेनुसार तिचे भाषक सुमारे ३० लाख. तरीही आठव्या अनुसूचीतील २२ भाषांत ती नाही आणि तिचा संगणकीय मजकूर तुटपुंजा आहे. अशी फाइल अर्थ जाणत नाही, अनुवादही करत नाही. ती घडवायला चिकाटी लागते. परंतु रूप चुकले, तर भाषकाला नेमक्या ओळीवर बोट ठेवता येते. कोट्यवधी भारांच्या प्रारूपात ती सोय नाही.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या घरच्या बोलीतले एक नाम निवडा आणि त्याच्या एका विभक्तीच्या ओळी लिहून पाहा. त्या तपासायला आजीइतके जाणकार दुसरे कोण?